पडका किल्ला पुन्हा बांधायचा का?

दोस्तांनो, कुठल्याही पडक्या किल्ल्यात गेलं की मुलांपैकी कुणीतरी एक प्रश्न हमखास विचारतं, "हा पुन्हा बांधत का नाहीत?" मोठी माणसं मग म्हणतात, "अरे, पैसा लागतो त्याला!" आणि विषय संपतो. पण खरं सांगू? पैसा हे या प्रश्नाचं अर्धंच उत्तर आहे. उरलेलं अर्धं उत्तर पैशापेक्षा अवघड आणि कितीतरी जास्त मजेदार आहे. आज ते शोधायला आपण दोन किल्ल्यांत जाणार आहोत. एक आपल्या पालघर जिल्ह्यातला, वसईचा. दुसरा थेट जपानमधला, ओसाका शहरातला. या दोघांचा काय संबंध, असं वाटलं ना? संबंध आहे, आणि तो जोडलाय वसईच्याच एका मुलाने. जरा धीर धरा, तो भेटेलच.

आधी वसई. आमचे वाणगावचे वाचक म्हणतील, हे तर सोप्पं! खरंच सोपं आहे. डहाणूहून येणारी लोकल पकडायची. बोईसर, उमरोळी, पालघर, केळवे रोड, सफाळे, वैतरणा अशी स्टेशनं मोजत जायची. वैतरणेच्या खाडीवरचा पूल आला की खिडकी सोडायची नाही. मग विरार, नालासोपारा आणि वसई रोड. तिथून बस किंवा रिक्षा. मिरचीच्या वाड्यांतून निघालेला माणूस सकाळच्या सकाळी किल्ल्याच्या दारात!

वसईचा किल्ला डोंगरावर नाही. रायगड-राजगडासारखी दमछाक इथे होत नाही. हा भुईकोट. तीन बाजूंना समुद्र, खाडी नि दलदल आणि एका बाजूला जमीन. म्हणून त्याला मुख्य दरवाजे दोन, एक जमिनीकडचा आणि एक समुद्राकडचा. जमिनीकडच्या दरवाजातून आत शिरलात की लगेच वळण लागतं. ते उगीच नाही हं! सरळ वाट असती तर शत्रूने धावत येऊन आतला दरवाजा फोडला असता. वळणावर वेग मोडतो, आणि वर उभा असलेला पहारेकरी तेवढ्यात आपलं काम करतो.

आत गेल्यावर मात्र नवखा माणूस गोंधळतो. किल्ला म्हटल्यावर तोफा, बुरूज, तटबंदी हे सगळं आपण मनात धरलेलं असतं. इथे तर रस्ता आहे, ताडाची झाडं आहेत, आणि झाडीतून मान वर काढणाऱ्या उंच उंच भिंती आहेत. छप्पर बहुतेक कशालाच नाही. कारण हा नुसता लष्करी किल्ला नव्हता, तटबंदीच्या आत वसलेलं ते एक शहर होतं. १५३४ साली गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई पोर्तुगिजांना दिली. तेव्हापासून १७३९ पर्यंत, म्हणजे दोनशे पाच वर्षं, ते इथे नांदले. त्यांनी चर्चं बांधली, मठ बांधले, वाडे बांधले, बाजार भरवला. सेंट जोसेफच्या चर्चचा उंच मनोरा अजून उभा आहे. त्याच्या पोटात गोल गोल फिरणारा अरुंद दगडी जिना आहे. फ्रान्सिस्कन साधूंच्या चर्चमध्ये खाली पाहा. जमिनीत बसवलेल्या दगडी शिळांवर पोर्तुगीज अक्षरं कोरलेली दिसतील. ती थडगी आहेत. चारशे वर्षांपूर्वीच्या माणसांची नावं आपल्या पायापाशी असतात, म्हणून तिथे जरा जपून चालायचं.

मग आलं १७३९ साल. पहिल्या बाजीराव पेशव्यांचे धाकटे भाऊ चिमाजीअप्पा यांनी उत्तर कोकणची मोहीम काढली होती. त्या वर्षी जानेवारीत मराठ्यांनी तारापूरचा किल्ला घेतला. वाणगावच्या मुलांनो, हे तुमच्या अगदी शेजारचं तारापूर बरं का! त्या लढाईत बाजी भिवराव हा पेशव्यांचा जिवलग सरदार कामी आला. पुढे वसईला वेढा पडला. तटाखाली सुरुंग खणले गेले, तट फुटला, दोन्हीकडची पुष्कळ माणसं मेली, आणि मे महिन्यात किल्ला मराठ्यांच्या ताब्यात आला. पोर्तुगिजांना आपल्या बायकामुलांसह, सामानसुमानासह बाहेर पडू देण्यात आलं. चर्चमधल्या मोठमोठ्या घंटा मात्र विजयाची खूण म्हणून मराठ्यांनी नेल्या. भीमाशंकरच्या देवळात किंवा वाईजवळच्या मेणवलीत कधी गेलात तर तिथली घंटा नीट पाहा. हिंदू देवळातली ती घंटा पोर्तुगीज आहे!

आज किल्ल्यात चिमाजीअप्पांचा पुतळा आहे, नागेश्वराचं देऊळ आहे, पडकी चर्चं आहेत. समुद्राच्या दरवाजाबाहेर किल्लाबंदरची कोळी वस्ती आहे. वाऱ्याबरोबर सुक्या मासळीचा वास येतो, तेव्हा समजायचं की दरवाजा जवळ आला.

आता तो वसईचा मुलगा. किल्ल्यात येशूसंघीयांचं एक चर्च आहे. बाकीच्या पडक्या भिंतींत त्याची दर्शनी भिंत वेगळी उठून दिसते, कारण तिची दुरुस्ती झालेली आहे. लोक त्याला गोन्सालो गार्सियाचं चर्च म्हणतात. हा गोन्सालो १५५६-५७ च्या सुमारास वसईत जन्मला. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. येशूसंघीयांच्या शाळेत तो शिकला आणि साधारण पंधरा वर्षांचा असताना जहाजात बसून जपानला गेला. विचार करा, तुमच्यातल्या नववी-दहावीच्या मुलाएवढा पोरगा! ना आगबोट, ना विमान, ना पत्राची खात्री. वारा येईल तसं शीड फिरवत जायचं.

गोन्सालो जपानी भाषा उत्तम शिकला. आधी धर्मप्रचारकांचा मदतनीस, मग व्यापारी, आणि पुढे मनिलामध्ये तो फ्रान्सिस्कन बंधू झाला. १५९३ साली मनिलाहून काही फ्रान्सिस्कन साधू वकील म्हणून जपानला निघाले. त्यांना दुभाषा हवा होता. जपानी जाणणारा गोन्सालो त्यांच्याबरोबर गेला आणि जपानच्या सर्वांत बलाढ्य माणसासमोर उभा राहिला. त्या माणसाचं नाव तोयोतोमी हिदेयोशी.

हिदेयोशी म्हणजे साधा असामी नव्हे. सामान्य घरात जन्मलेला, शिपाईगिरी करत करत वर चढलेला आणि अखेर सगळा जपान एका छत्राखाली आणणारा हा सेनानी. त्याने १५८३ साली ओसाकाला एक प्रचंड किल्ला बांधायला घेतला. म्हणजे वसईच्या किल्ल्यात शिकलेला मुलगा त्या काळी ओसाकाच्या किल्ल्याच्या धन्याचं बोलणं ऐकत होता आणि त्याचा अर्थ दुसऱ्यांना सांगत होता. आहे की नाही गंमत?

पुढचा भाग मात्र दुःखाचा आहे. परकी धर्मप्रचारकांमागून परकी सैन्य येईल, असा संशय हिदेयोशीला आला. १५९६ च्या डिसेंबरात धरपकड झाली. सव्वीस जणांना क्योतो, ओसाका अशा शहरांतून फिरवण्यात आलं, कडाक्याच्या थंडीत शेकडो किलोमीटर चालवत नागासाकीला नेलं, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी क्रुसावर ठार मारलं. त्यांत गोन्सालो होता. रोमच्या पोपनी १८६२ साली त्याला संतपद दिलं. हिदेयोशीही फार जगला नाही. पुढच्याच वर्षी, १५९८ साली, तो वारला.

चला, आता त्या ओसाकाच्या किल्ल्यात जाऊ या.

आज तो शहराच्या मधोमध एका मोठ्या बागेत आहे. बाग सुमारे १०५ हेक्टरांची. लोक तिथे पळायला येतात, डबे घेऊन बसतात, वसंतात चेरीची फुलं बघतात. आधी लागतो खंदक, रुंद आणि पाण्याने भरलेला. खंदकातून सरळ वर उठतात त्या दगडी भिंती. काही ठिकाणी त्या तीस मीटरच्या आसपास उंच आहेत, म्हणजे दहा मजली इमारतीएवढ्या! या भिंती आपल्या तटासारख्या ताठ उभ्या नाहीत. खाली त्या पसरट आहेत आणि वर जाता जाता ताठ होतात, उघडलेल्या पंख्याच्या कडेसारख्या.

आणखी एक फरक. वसईचे दगड चुन्याने जोडलेले आहेत. ओसाकाच्या भिंतीत चुना नाही नि काही नाही. दगडावर दगड तोलून बसवलेले. मग त्या पडत कशा नाहीत? भिंतीच्या मागे लहान लहान गोट्यांचा जाड थर भरलेला असतो. पावसाचं पाणी त्यातून निचरून जातं, म्हणून ते मागे साठून भिंतीला ढकलत नाही. आणि भूकंप झाला तर दगड किंचित हलतात आणि पुन्हा बसतात. दरवाजाजवळ एक दगड आहे, त्याला म्हणतात ऑक्टोपस दगड. एकटा दगड शंभर टनांच्या वर भरेल! तो बोटीतून समुद्रमार्गे आणला. कसा चढवला असेल, उतरवला असेल, याचा घरी बसून विचार करा.

त्या दगडांवर नीट पाहिलं तर खुणा दिसतात. कुठे गोल, कुठे चौकोन, कुठे फुली. वेगवेगळ्या सरदारांनी दगड पाठवले होते. कुणाचा कुठला हे कळावं, भांडणं होऊ नयेत, म्हणून प्रत्येकाने आपली खूण कोरली. आज त्या खुणांवरून कुठली भिंत कुणी बांधली हे अभ्यासकांना सांगता येतं.

भिंतींच्या मधोमध उभा आहे तो पांढराशुभ्र, हिरव्या छपरांचा, सोनेरी माशांनी सजवलेला मनोरा. पोस्टकार्डावर, कॅलेंडरवर दिसतो तोच. सुमारे ५५ मीटर उंच. आपण भारावून आत जातो आणि समोर काय दिसतं? लिफ्ट! होय, लिफ्ट. तिकिटाची खिडकी, काचेच्या पेट्या, चित्रफिती. हिदेयोशीच्या काळी लिफ्ट कुठून आली?

अहो, आली नव्हतीच. हा मनोरा १९३१ सालचा आहे, आणि तोही सिमेंट काँक्रीटचा.

झालं असं. हिदेयोशीचा किल्ला १६१५ च्या लढाईत जळाला, पडला. त्याचा मुलगा हिदेयोरी तिथेच मेला. जिंकणारे होते तोकुगावा घराण्याचे लोक. त्यांना जुन्या धन्याची आठवणसुद्धा नको होती. त्यांनी हिदेयोशीच्या भिंतींवर मातीचा भराव घातला आणि १६२० पासून त्यावर आपला नवा किल्ला बांधला, साठाहून जास्त सरदारांना कामाला लावून. म्हणजे आज आपण ज्या भिंती पाहतो त्या हिदेयोशीच्या नाहीतच, त्याच्या शत्रूच्या आहेत. तोकुगावांचा मनोराही टिकला नाही. १६६५ साली त्यावर वीज पडली आणि तो जळून गेला. पुढे अडीचशेहून जास्त वर्षं तिथे मनोराच नव्हता.

मग १९२८ साली ओसाकाच्या महापौरांनी ठरवलं की मनोरा पुन्हा उभारायचा. शहरातल्या लोकांनी वर्गणी काढली आणि पंधरा लाख येन जमले. पण त्या जागेवर लष्कराचा तळ होता. म्हणून वर्गणीतली बरीच मोठी रक्कम लष्कराला नवी कचेरी बांधून देण्यात गेली. मनोऱ्याला लागले सुमारे पावणेपाच लाख. हिदेयोशीच्या मनोऱ्याचे नकाशे कुणाकडे नव्हते. होता एक जुना चित्रित पडदा, त्यावर १६१५ च्या लढाईचं चित्र होतं. त्यातला मनोरा पाहून नवा आराखडा केला. वरचा मजला हिदेयोशीच्या धर्तीचा, काळा, वाघांची चित्रं असलेला. खालचे मजले तोकुगावांच्या धर्तीचे, पांढरे. आणि तो बसवला तोकुगावांच्या पायावर!

म्हणजे बघा, शत्रूच्या पायावर, चित्रावरून बेतलेला, दोन घराण्यांची सरमिसळ असलेला, काँक्रीटचा मनोरा. याला खरा म्हणायचा की खोटा?

घाई करू नका. अजून थोडी गोष्ट बाकी आहे. दुसऱ्या महायुद्धात किल्ल्याशेजारी शस्त्रांचा प्रचंड कारखाना होता. १४ ऑगस्ट १९४५ ला, म्हणजे युद्ध संपायच्या आदल्या दिवशी, त्यावर जोरदार बाँबहल्ला झाला. किल्ल्यातल्या काही जुन्या इमारती त्या युद्धात जळाल्या. १९३१ चा मनोरा मात्र वाचला. ओसाकात खऱ्या मनोऱ्यांपैकी कुठलाच पन्नास वर्षं टिकला नाही. हा 'नकली' मनोरा मात्र नव्वदी ओलांडून उभा आहे. १९९७ साली जपानने त्याचीच सांस्कृतिक ठेवा म्हणून नोंद केली. हिदेयोशीचा म्हणून नव्हे. १९३१ सालच्या लोकांनी आपल्या शहरासाठी वर्गणी काढून बांधलेला, म्हणून!

आणि हिदेयोशीची खरी भिंत? ती १९५९ साली जमिनीखाली सापडली. साध्या ओबडधोबड दगडांची, वरच्या देखण्या भिंतींपुढे अगदी गरीब दिसणारी. कितीतरी वर्षं ती झाकूनच ठेवली होती. २०२५ साली तिच्यासाठी खास दालन बांधून ती लोकांना पाहायला खुली केली. वर चकचकीत मनोरा आणि खाली अंधारात खरी भिंत. मला विचाराल तर जाणाऱ्याने दोन्ही पाहावं, पण खाली जास्त वेळ थांबावं.

आता परत आपल्या मूळ प्रश्नाकडे. वसईचा किल्ला पुन्हा बांधायचा का?

बांधावा म्हणणाऱ्यांचं म्हणणं ऐका. छप्पर घातलं की भिंती वाचतील. लोक येतील, गावाला रोजगार मिळेल. लहान मुलांना पडक्या भिंती पाहून काही कळत नाही, उभी इमारत पाहिली की इतिहास डोळ्यांसमोर येतो. यात काही चूक नाही.

नको म्हणणाऱ्यांचंही ऐका. नकाशे नसतील तर आपण मनाने काहीतरी बांधणार आणि पुढच्या पिढ्या त्यालाच खरं समजणार. शिवाय बांधायचा तो कुठल्या सालचा? १५६० चा, पोर्तुगीज शहर गजबजलेलं होतं तेव्हाचा? की १७४० चा, भगवा फडकत होता तेव्हाचा? एक बांधायला घेतला की दुसरा पुसला जातो. फुटलेला तट नीट सांधून टाकला तर चिमाजीअप्पांच्या सुरुंगांनी काय केलं ते कुठे दिसणार? कधी कधी मोडलेली वस्तूच खरी गोष्ट सांगते. पुण्याचा शनिवारवाडाच घ्या. १८२८ साली आग लागली, आतले महाल जळून गेले. आज आत फक्त जोती आहेत, कारंज्यांचे हौद आहेत, हिरवळ आहे. ती रिकामी जागा पाहून पोटात कसंसंच होतं. ते होणं हाही इतिहासाचाच धडा आहे.

जपानमध्येसुद्धा सगळं पुन्हा बांधलेलं नाही. तोक्योच्या, म्हणजे तेव्हाच्या एदोच्या किल्ल्याचा मनोरा १६५७ च्या भयंकर आगीत जळाला. शहराचा बराच मोठा भाग जळाला होता. तेव्हा होशिना मासायुकी नावाच्या कारभाऱ्याने सांगितलं की मनोरा नंतर बघू, आधी लोकांची घरं. तो मनोरा पुन्हा बांधलाच नाही. त्याचा रिकामा दगडी पाया आजही तिथे आहे. मला विचाराल तर तो पाया कुठल्याही मनोऱ्यापेक्षा उंच आहे!

उलट नागोयाला काय झालं पाहा. तिथला राजवाडा १९४५ च्या बाँबहल्ल्यात जळाला. पण आधीच त्याची मोजमापं घेतलेली होती, फोटो काढलेले होते, आतली बरीचशी चित्रं काढून सुरक्षित ठेवली होती. त्या आधारावर जुन्याच पद्धतीने लाकडात तो पुन्हा बांधला आणि २०१८ साली पूर्ण झाला. पुरावा भक्कम असेल तर पुन्हा बांधणं खोटं ठरत नाही.

आणखी एक उदाहरण. जपानमध्ये इसे नावाचं देवस्थान आहे. तिथलं देऊळ दर वीस वर्षांनी शेजारच्या जागेवर नवं बांधतात. २०१३ साली बासष्टाव्यांदा बांधलं. लाकूड नवं, पण सुताराचं कसब तेच, बापाकडून मुलाकडे आलेलं. हे ऐकून डहाणू-तलासरीच्या मुलांना नवल वाटायचं कारण नाही. आपल्या पाड्यांवरचं वारली घर आठवा. कारवीचा कूड, त्यावर माती नि शेणाचं लिंपण. पावसाने झिजलं की पुन्हा लिंपायचं, लग्न निघालं की भिंतीवर तांदळाच्या पिठाने नवा चौक लिहायचा. भिंत जुनी की नवी, असं कुणी विचारतं का? तिथे जपायची असते ती वस्तू नव्हे, ती करायची रीत. पण दगडी किल्ल्याचं तसं नाही. तिथे प्रत्येक दगडावर त्या काळच्या छिन्नीची खूण असते. दगड बदलला की खूण गेली.

मग मधला मार्ग काय? तो म्हणजे जपणूक. पडतंय ते पडू द्यायचं नाही, पण नसलेलं मनाने घालायचंही नाही. हे सोपं वाटतं, पण यात शास्त्र आहे. तटाच्या फटीत पक्ष्यांनी टाकलेलं पिंपळाचं बी रुजतं. रोप असतं तेव्हा दोन बोटांनी उपटता येतं. दहा वर्षांनी त्याचं मूळ दगड उचलून फेकतं, आणि तेव्हा ते ओढून काढलं तर भिंतच सोबत येते. दुसरं म्हणजे, जुन्या चुन्याच्या भिंतीला सिमेंट थापायचं नाही. चुना मऊ असतो, ओल आत घेतो आणि बाहेर सोडतो. सिमेंट कडक असतं. ते ओल आतच कोंडतं, आणि मग सिमेंटशेजारचा जुना दगडच झिजायला लागतो. म्हणून जाणकार दुरुस्ती करताना चुना, वाळू असं जुन्या पद्धतीचंच मिश्रण वापरतात. खरी चांगली दुरुस्ती ती, जी लांबून खटकत नाही, पण जवळून पाहिलं की नवं कुठलं नि जुनं कुठलं ते ओळखू येतं. खोटं बोलायचं नाही, एवढाच तिचा नियम.

आता तुम्ही म्हणाल, "हे सगळं मोठ्यांचं काम. आम्ही काय करणार?" पुष्कळ करू शकता.

एक. भिंतीवर नाव कोरायचं नाही, आणि कुणी कोरत असेल तर गप्प बसायचं नाही. वसईचा किल्ला राष्ट्रीय संरक्षित स्मारक आहे. अशा स्मारकाची नासधूस केली तर कायद्याने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतं. ओसाकाच्या दगडांवर सरदारांनी खुणा कोरल्या हे खरं, पण त्यांनी ते दगड आणले होते! आपण भिंतीसाठी एकही दगड आणलेला नसताना तिच्यावर नाव कसलं लिहायचं?

दोन. नेलेली पिशवी, बाटली, पुडा परत आणायचा. हे सांगायला नको, तरी सांगतो.

तीन, आणि हे सगळ्यांत महत्त्वाचं. नोंद ठेवायची. नागोयाचा राजवाडा पुन्हा उभा राहिला तो कशामुळे? कुणीतरी तो धडधाकट असताना त्याची मोजमापं घेतली, फोटो काढले म्हणून. आपल्याकडे नेमकं तेच राहून जातं. वसईला जाणं जमलं नाही तरी बिघडत नाही. तुमच्या आसपास किल्ल्यांना काय तोटा आहे? तारापूरचा आहे, डहाणूचा आहे, पालघरजवळ शिरगावचा आहे, डोंगरावर चढायची हौस असेल तर आशेरी आहे. केळव्याला सुरूच्या बनात एक भुईकोट वाळूखाली गाडला गेला होता. दुर्गप्रेमी मंडळींनी श्रमदान करून, घमेल्या-घमेल्याने वाळू उपसून तो मोकळा केला. कुणी मनोरा बांधला नाही, रंग फासला नाही. फक्त वाळू काढली, आणि किल्ला दिसायला लागला.

तर या सुट्टीत एवढं करा. आई-बाबा, काका, गुरुजी, कुणीतरी मोठं माणूस बरोबर घ्या. पडक्या भिंतीवर, विहिरीच्या कठड्यावर चढायचं नाही. एक वही, पेन्सिल आणि शिंप्याची टेप घ्या. किल्ल्याची एकच भिंत किंवा एकच दरवाजा निवडा. तो जसा आहे तसा काढा, जसा असावा असं वाटतं तसा नव्हे! रुंदी मोजा. दगड कुठे निखळलाय, झाड कुठे उगवलंय, ते चित्रात दाखवा. खाली तारीख टाका. मग गावातल्या एखाद्या आजोबांना किंवा आजीला विचारा, "तुमच्या लहानपणी हे कसं होतं?" त्या जे सांगतील ते वेगळ्या पानावर लिहा. डोळ्यांनी पाहिलेलं एका पानावर आणि ऐकलेलं दुसऱ्या पानावर, दोन्ही एकत्र करायचं नाही.

पालकांनो, तुम्हालाही एक विनंती. मुलं असं काही करत बसली तर "चला, चला, उशीर होतोय" म्हणू नका. अर्धा तास जास्त गेला तर पुढची गाडी मिळते.

आणि ती वही रद्दीत घालू नका. कोण जाणे, पन्नास वर्षांनी एखादा दरवाजा पडलेला असेल आणि तो कसा होता हे कुणालाच आठवत नसेल. तेव्हा वाणगावच्या एखाद्या घरातल्या पेटीतून एक जुनी वही निघेल. तिच्यात टेपने मोजलेल्या एका दरवाजाचं वाकडंतिकडं चित्र असेल आणि खाली तारीख. मग तो दरवाजा पुन्हा बांधायचा की नाही हे त्या वेळची माणसं ठरवतील. आपण त्यांच्यासाठी पुरावा ठेवायचा. काय, कधी निघताय?